जीर्णोद्धार की नवी उभारणी

पाच-सात वर्षे इमानेइतबारे चाललेला घरातला संगणक एखाद्या नव्या खेळापुढे अडखळू लागतो, आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी वडिलांपुढे येऊन ‘बाबा, यात एक चांगलं ग्राफिक कार्ड बसवून घेऊ या का?’ असे विचारते, तेव्हा त्या घरात जो विचारविनिमय सुरू होतो तो दिसायला अगदी आजचा व घरगुती असला, तरी त्याच्या मागे साडेतीन तपांहून अधिक काळाचा इतिहास उभा असतो. शीतकपाट कुरकुरू लागले तर ते दुरुस्त करावे किंवा विकून नवे आणावे, रेडिओ बंद पडला तर त्याचा गेलेला भाग बदलून घ्यावा, एवढेच पर्याय गृहस्थाला आजवर ठाऊक होते. परंतु चालू स्थितीतले, काहीही न बिघडलेले यंत्र उघडावे, त्याचा एक अवयव काढून त्या जागी अधिक समर्थ अवयव बसवावा, दोन वर्षांनी दुसऱ्या अवयवाची पाळी आणावी, आणि असे करीत करीत यंत्राचे आयुष्य आपल्या ऐपतीप्रमाणे लांबवीत न्यावे, ही मुभा घरातल्या वस्तूंपैकी टेबलावरच्या संगणकालाच पूर्णपणे लाभली. ही मुभा यंत्राच्या स्वभावातून आपोआप उगवलेली नाही. ती काही माणसांच्या निर्णयातून आली, काहींच्या विरोधाला पुरून उरली, आणि आपल्याकडे तर ती एका रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांनी मध्यमवर्गाच्या पदरात घातली. तो इतिहास नीट ध्यानात घेतल्यावाचून जुन्या संगणकावर पैसे घालावेत की नाहीत या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही, अशी माझी धारणा आहे.

प्रचंड गणकयंत्रे मोठमोठ्या कचेऱ्यांना भाड्याने देऊन ज्या आयबीएम कंपनीने आपला दबदबा निर्माण केला होता, त्या कंपनीला १९८० साली व्यक्तिगत वापराच्या छोट्या संगणकाच्या बाजारात उतरण्याची निकड भासू लागली, आणि ते काम तिने फ्लॉरिडातील बोका रॅटोन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या एका लहानशा तुकडीवर सोपवले. मुदत जेमतेम एक वर्षाची होती. सारे भाग स्वतःच्या कारखान्यात घडवायचे म्हटले असते तर एवढ्या मुदतीत काहीच साधले नसते. म्हणून त्या तुकडीने इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर घेतला, मायक्रोसॉफ्टकडून कार्यप्रणाली घेतली, आणि बाकीचे बहुतेक जिन्नस खुल्या बाजारातून खरीदले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झालेल्या त्या संगणकाच्या मदरबोर्डावर पाच खाचा रिकाम्या ठेवल्या होत्या. ज्याला जे कार्ड हवे असेल ते त्याने त्या खाचेत बसवावे, अशी ती योजना होती. चार वर्षांपूर्वी, १९७७ साली, ॲपल-२ या संगणकात स्टीव्ह वॉझनियाक यांनी अशाच आठ खाचा ठेवून तिचे सामर्थ्य दाखवून दिले होते. परंतु आयबीएमने याही पुढचे पाऊल टाकले. संगणकाबरोबर तिने एक तांत्रिक ग्रंथ विक्रीस ठेवला, आणि त्यात विद्युत्मंडलांचे नकाशे व यंत्र चालू करणाऱ्या मूळ आज्ञावलीचा, म्हणजे बायोसचा, संपूर्ण पाठ छापून टाकला. बाहेरच्या कारागिरांनी कार्डे बनवावीत, त्यायोगे आपल्या यंत्राचा खप वाढावा, एवढाच तिचा उद्देश होता. पण एका महाबलाढ्य कंपनीने आपल्या यंत्राचे अंतरंग असे सर्वांसमक्ष उघडे करावे, या घटनेचे महत्त्व मला त्या यंत्रापेक्षाही मोठे वाटते.

ग्रंथात छापलेला बायोस वाचता येत असला तरी उतरवून घेण्यास कायद्याने मज्जाव होता. कॉम्पॅक नावाच्या नव्या कंपनीने यातून असा मार्ग काढला की, एका तुकडीने मूळ बायोस काय काय काम करतो याचे टिपण तयार करावे, आणि ज्यांनी मूळ पाठ कधी डोळ्यांनी पाहिलाही नाही अशा दुसऱ्या तुकडीने केवळ त्या टिपणावरून नवी आज्ञावली लिहावी. नोव्हेंबर १९८२ मध्ये तिने आपला संगणक जाहीर केला. पुढे फीनिक्स या कंपनीने १९८४ साली असाच बायोस तयार करून तो हव्या त्या उत्पादकाला विकायला काढला, आणि आयबीएमच्या यंत्राशी जुळणारा संगणक बनविण्याची शेवटची अडचण दूर झाली. तैवानातील लहानमोठे कारखाने मदरबोर्ड आणि कार्डे बनवू लागले, आणि एकाचा बोर्ड, दुसऱ्याचे कार्ड, तिसऱ्याची हार्ड डिस्क यांचा सुखाने संसार चालू लागला.

हे लोण हाताबाहेर गेलेले पाहून आयबीएमने एप्रिल १९८७ मध्ये पीएस/२ ही नवी मालिका काढली. तिच्यातील खाचांची रचना अधिक शास्त्रशुद्ध व वेगवान होती, यात शंका नाही. पण जुनी कार्डे तिच्यात बसत नव्हती, आणि इतरांना ती रचना वापरायची तर आयबीएमकडे स्वामित्वधन भरावे लागणार होते. ज्या मुभेने बाजार फुलला ती मुभा परत घेण्याचाच हा प्रयत्न होता. त्याला उत्तर म्हणून कॉम्पॅक, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेट्टी आदी नऊ कंपन्या १९८८ साली एकत्र आल्या व त्यांनी जुन्या कार्डांनाही आश्रय देणारी स्वतःची रचना जाहीर केली. ती रचनाही घरगुती संगणकात फारशी रुजली नाही हे खरे. पण आयबीएमची रचनाही बाजारात सर्वमान्य झाली नाही, आणि जुन्या साध्या खाचेचा अंमल पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. गिऱ्हाइकाच्या घरी आधीच असलेल्या कार्डाला जागा न देणारी सुधारणा, मग ती कितीही उत्तम असो, बाजार स्वीकारीत नाही, हा निकाल त्या वेळी लागला. आज आपण जुन्या कॅबिनेटात नवे कार्ड बसविण्याची भाषा सहज बोलतो ती त्या निकालाच्या आधारावर.

आता ही मुभा आपल्या मुलखात कशी आली ते पाहू. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून थोडे चालले की जो रस्ता लागतो, त्याचे सरकारदरबारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले, तरी व्यापारी आणि गिऱ्हाईक या दोघांच्याही तोंडी तो लॅमिंग्टन रोडच राहिला आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे ते नाव. हा भाग चित्रपटगृहांचा; १९७५ साली ‘शोले’ ज्या मिनर्व्हात लागला आणि पाच वर्षांहून अधिक काळ तेथे चालला, ते मिनर्व्हा याच रस्त्यावरचे. चित्रपटगृहांच्या शेजारी रेडिओच्या सुट्या भागांची दुकाने होती, आणि व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, ध्वनिवर्धक असे जिन्नस हाताळता हाताळता तेथील दुकानदारांना व कारागिरांना एक विद्या अवगत झाली होती, ती म्हणजे कोणतेही यंत्र हा भागांचा समुच्चय आहे हे ओळखण्याची आणि त्या प्रत्येक भागाची स्वतंत्र किंमत करण्याची. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयातीवरची बंधने सैल केली, १९९१ च्या आर्थिक धोरणाने ती आणखी सैल झाली, आणि तैवान व सिंगापूरहून येणारे बोर्ड, मेमरी, कार्डे व डिस्का या रस्त्यावर येऊन पडू लागल्या, तेव्हा त्यांच्या स्वागताला लागणारी विद्या तेथे आधीपासून सिद्ध होती.

नामांकित कंपनीचा तयार संगणक त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपणारा नव्हता. लॅमिंग्टन रोडवर मात्र गिऱ्हाईक दुकानदारापुढे बसे, आणि एका कागदाच्या चिठोऱ्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, मॉनिटर, की-बोर्ड असा तपशील ओळीने उतरून प्रत्येकापुढे भाव मांडला जाई. त्या चिठोऱ्याला कोटेशन म्हणत. तेच कोटेशन घेऊन माणूस पुढच्या तीन दुकानांत जाई, कोठे रॅम स्वस्त, कोठे बोर्ड अस्सल, कोणाची वॉरंटी खरी, याची शहानिशा करी, आणि अखेर ज्याच्या शब्दावर भरवसा बसे त्याच्याकडे संगणक जुळवायला टाकी. असा जुळवलेला संगणक ‘असेंबल्ड’ म्हणून ओळखला जाई, आणि त्या शब्दात कमीपणा मुळीच नव्हता. कारण तो घेणाऱ्या माणसाला आपल्या यंत्रात काय काय आहे हे नावानिशी पाठ असे. दीड-दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा त्याच दुकानी येऊन ‘शेठ, बोर्ड हाच ठेवून आणखी काय बसेल?’ असे विचारी, तेव्हा दुकानदार जुनी रॅम, जुने कार्ड योग्य भावाने परत घेई व तेवढी रक्कम नव्यातून वळती करी. परत घेतलेले ते भाग वाया जात नसत. ते टंकलेखनाच्या वर्गांत, लग्नपत्रिका जुळवणाऱ्या छापखान्यांत, जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी नव्याने निघालेल्या संगणक-वर्गांत जात आणि तेथे आणखी काही वर्षे काढीत. पुण्यातील तापकीर गल्लीसारख्या पेठांतूनही हीच रीत रुजली. या व्यवहारात बिलाशिवायची विक्री होती, नकली मालाची भीती होती, आणि वॉरंटीच्या नावाखाली फसवणूकही होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि ज्यांना एकरकमी पन्नास हजार काढणे अशक्य होते अशा कुटुंबांच्या मुलांना संगणक याच रीतीने शिकता आला, आणि यंत्राचे झाकण उघडून आत पाहण्याची भीती याच रीतीने गेली. या रस्त्याचे ते ऋण मला फार मोठे वाटते.

आता खेळांविषयी. पत्रे लिहायला, हिशेब ठेवायला, शाळेचा प्रकल्प छापायला घेतलेला संगणक दोन वर्षांत अपुरा पडण्याचे खरे पाहता काहीच कारण नव्हते. तो अपुरा पडला तो खेळांमुळे. १९९२ साली ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ आला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ आला. ‘डूम’ला निदान ३८६ जातीचा प्रोसेसर व चार मेगाबाइट मेमरी लागे, आणि तो खऱ्या अर्थाने अस्खलित चालायला ४८६ हवा असे. वडिलांनी कचेरीच्या कामासाठी घेतलेल्या दोन मेगाबाइटच्या यंत्रावर तो सुरूच होत नसे. पुढे जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला, आणि त्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकले. कारण त्याचे त्रिमिती जग अपूर्णांकांच्या गणितावर उभे होते, आणि ते गणित इंटेलच्या पेंटियमला जितके सुलभ होते तितके सायरिक्स वा एएमडीच्या तत्कालीन, किमतीने स्वस्त, प्रोसेसरांना नव्हते. पत्रलेखनात व हिशेबात जे पेंटियमच्या बरोबरीने धावत ते ‘क्वेक’मध्ये मागे राहत. एकच वेगाचा आकडा पाहून यंत्राची परीक्षा करू नये, ते कोणत्या कामाला लावायचे आहे ते आधी ठरवावे, हा धडा त्या पिढीने स्वतःचे पैसे मोजून घेतला.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू या चिपेवर आधारलेली कार्डे बाजारात आली. हे कार्ड जुन्या कार्डाची जागा घेत नसे. ते शेजारच्या खाचेत बसे, आणि जुन्या कार्डातून निघालेली तार आधी व्हूडूत व तेथून मॉनिटरला जोडली जाई. एरवी ते मूक असे. खेळ सुरू झाला की पडद्याचा ताबा ते घेई. जानेवारी १९९७ मध्ये ‘क्वेक’ची या कार्डासाठी सिद्ध केलेली आवृत्ती निघाली, आणि ज्यांनी ती पाहिली त्यांना, एका खाचेत एक कार्ड बसविल्याने जुने यंत्र किती बदलू शकते, याचा साक्षात्कार झाला. वर्णन करायचे तर, सर्व भिंती व गाभारा तसाच ठेवून केवळ शिखर नवे बांधावे आणि देवालयाचे रूप पालटावे, तसा तो जीर्णोद्धार होता. १९९६ साली मेमरीचे भाव जगभर कोसळले नसते तर चार मेगाबाइट मेमरीचे हे कार्ड सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात येते ना, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थ्रीडीएफएक्स मात्र फार काळ टिकली नाही. डिसेंबर २००० मध्ये तिची मालमत्ता एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेली.

या सुवर्णकाळातील आणखी एक प्रकरण सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा गुणक साडेचार असा कायम केलेला होता, व बोर्डाचा मूळ वेग ६६ मेगाहर्ट्‌झ धरून त्याचा वेग ३०० होत असे. परंतु बोर्डाचा तोच वेग १०० वर नेला की साडेचारपटीने ४५० मेगाहर्ट्‌झ हा आकडा येई, आणि पुष्कळशा प्रती तो ताण निर्धोक सोसत. चिपेतच असलेली १२८ किलोबाइटची द्रुत मेमरीही त्याच वेगाने चाले. कितीतरी अधिक किमतीच्या पेंटियम-२ शी हा स्वस्त प्रोसेसर बरोबरी करू लागला. ही वार्ता मासिकांतून व तोंडोतोंडी पसरली. मुंबईपुण्याच्या दुकानांतून सेलेरॉन मागताना मुले ‘ए’ या अक्षराचा विशेष आग्रह धरीत असत, याचे कारण हे.

परंतु लॅमिंग्टन रोडवरचा भाव त्या रस्त्यावर ठरत नसे, आणि हेही आजच्या गिऱ्हाइकाने विसरता कामा नये. जुलै १९९३ मध्ये जपानातील निइहामा येथे सुमितोमो कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या आवरणाला लागणाऱ्या विशिष्ट राळेचा जागतिक पुरवठ्यातला मोठा हिस्सा तेथून येत असल्याने मेमरीचे भाव एकाएकी भडकले. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानात भूकंप होऊन शिंचू येथील कारखान्यांची वीज गेली, तेव्हा पुन्हा तेच घडले. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला व हार्ड डिस्कांचे भाव काही आठवड्यांत जवळजवळ दुप्पट झाले. पुढे २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२० नंतर आभासी चलनाच्या मागे लागलेल्या लोकांनी ग्राफिक कार्डे ठोक भावाने उचलल्यामुळे खेळणाऱ्याला ती छापील किमतीत मिळेनाशी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली तेव्हा ती मागणी ओसरली, आणि राबून राबून थकलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड संगणकगृहांनी मेमरीचा पुरवठा ओढून घेतल्यामुळे घरगुती रॅमचे भाव पुन्हा चढले. या उलट दिशेने काम करणारी एकच मोठी गोष्ट आपल्याकडे घडली: माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरील जकातीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ साली सामील झाला, आणि त्यान्वये २००५ पर्यंत संगणक व त्याचे बहुतेक भाग यांवरील मूळ आयात-जकात शून्यावर आली.

भाव चढतात व उतरतात. त्यांची वाट पाहता येते. ज्याची वाट पाहून उपयोग नाही ती बाब म्हणजे सॉकेट आणि खाच यांची पिढी. एकाच सॉकेट-७ मध्ये इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर बसत, तो काळ गिऱ्हाइकाच्या भाग्याचा होता; १९९७ मध्ये पेंटियम-२ ने स्वतःची निराळी बैठक आणली आणि तो एकोपा मोडला. १९९५ साली बोर्ड व कॅबिनेट यांचे एटीएक्स हे नवे प्रमाण आले आणि जुनी कॅबिनेटे हळूहळू निकामी ठरली. एजीपी ही ग्राफिक कार्डासाठी राखीव खाच १९९७ च्या सुमारास आली, आणि २००४ पासून पीसीआय एक्स्प्रेस या नव्या खाचेने तिला हुसकावून लावले. ज्यांनी त्या संधिकाळात एजीपीचे महागडे कार्ड घेतले त्यांना ते पुढच्या बोर्डावर नेता आले नाही. याच सुमारास सदोष कंडेन्सरांनी जगभर धुमाकूळ घातला, आणि माथ्यावर फुगलेले कंडेन्सर पाहून बोर्ड टाकून देण्याची पाळी असंख्य लोकांवर आली. २०१७ साली इंटेलने ११५१ टोकांचे सॉकेट तसेच ठेवले, पण आठव्या पिढीचे प्रोसेसर आदल्या बोर्डांवर चालणार नाहीत असे ठरवले. टोकांची संख्या तीच असूनही दार बंद झाले. या उलट एएमडीने मार्च २०१७ मध्ये रायझन ज्या एएम-४ सॉकेटासह आणला, त्याच सॉकेटात एप्रिल २०२२ चा ५८००एक्स३डी हा खेळांसाठी विख्यात झालेला प्रोसेसर बसतो. मे २०२० मध्ये कंपनीने जुन्या बोर्डांना नव्या पिढीसाठी बायोस द्यायचे नाकारले होते. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, तिने निर्णय फिरवला, आणि २०२२ मध्ये तर पहिल्या वर्षीच्या बोर्डांनाही तो मिळाला. गिऱ्हाइकांनी हक्क म्हणून मागितलेली व मिळवलेली अशी गोष्ट या व्यवहारात विरळा.

दरम्यान प्रोसेसरांची घोडदौडही मंदावली होती. २००४-०५ च्या सुमारास वेग वाढवीत नेला की उष्णता आवरेनाशी होते हे स्पष्ट झाले, आणि वेगाऐवजी गाभ्यांची, म्हणजे कोअरची, संख्या वाढविण्याचे धोरण आले. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीनंतर सहा वर्षे दर पिढीत सुधारणा इतक्या थोड्या होत की, त्या पिढीचा चार गाभ्यांचा आय-५ घेऊन बसलेल्या माणसाला बोर्ड बदलण्याची निकड भासली नाही. संगणकाच्या इतिहासात जुने यंत्र इतके दीर्घकाळ उपयोगी राहिल्याचा असा कालखंड पूर्वी झाला नव्हता. याच काळात कचेऱ्यांतून निवृत्त झालेले संगणक स्वस्तात मिळू लागले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एनव्हिडियाचे जीटीएक्स ७५० टीआय हे कार्ड आले. त्याला अवघी ६० वॉट वीज पुरे. पीसीआय एक्स्प्रेसची खाच स्वतःच ७५ वॉट देते, त्यामुळे दुर्बळ एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, असलेल्या कचेरीतल्या यंत्रातही ते निराळी तार न जोडता चाले. २०१६ मध्ये आलेल्या १०५० टीआयने हाच क्रम पुढे चालवला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली आणि यांपैकी एक कार्ड घातले की आठ वर्षांचे यंत्र पुन्हा उमेदीने खेळू लागे. असंख्य विद्यार्थ्यांनी ते करून पाहिले आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी पैशांत सर्वांत अधिक आनंद देणारा जीर्णोद्धार तोच.

तो काळ आता सरत चालला आहे. काही नवे खेळ एव्हीएक्स२ या आज्ञासंचाशिवाय सुरूच होत नाहीत, आणि तो सँडी ब्रिजमध्ये नाही. इंटेलच्या यंत्रांत तो २०१३ सालच्या हॅसवेल पिढीबरोबर आला. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम : द डार्क एजेस’ला प्रकाशकिरणांचे गणित करणारे खास यंत्रांग असलेले कार्ड अनिवार्य आहे. आणि स्वस्त नवे कार्ड जुन्या बोर्डावर बसवावे तर तेथेही अडचण येते: जानेवारी २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला केवळ चार मार्गिका आहेत, आणि नव्या पिढीच्या खाचेत त्या पुरत असल्या तरी तिसऱ्या पिढीच्या जुन्या खाचेत त्याचा वेग स्पष्ट घटतो; म्हणजे जे कार्ड जुन्या यंत्राच्या मालकाला परवडते तेच त्याच्या यंत्रात पुरते काम करीत नाही. याखेरीज एक अडथळा तांत्रिकापेक्षा प्रशासकीय स्वरूपाचा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने, थोडे अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर अपात्र ठरवले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत संपली. उत्तम चालणारी असंख्य यंत्रे केवळ एका यादीत नाव नसल्याने बाद ठरावीत, हे मला अन्यायाचे वाटते, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळताना असे दिसते की, निर्णयाचा क्रम आता उलटा लावला पाहिजे. पूर्वी कार्ड निवडून मग बाकीचे पाहिले तरी चाले. आज आधी बोर्डाची पिढी पाहावी. तो एएम-४ चा असेल तर नि:शंकपणे त्याच बोर्डावर अधिक गाभ्यांचा प्रोसेसर बसवावा व उरलेले पैसे कार्डावर घालावेत. कारण अशा यंत्राचे अजून बरेच आयुष्य शिल्लक आहे. आठव्या-नवव्या पिढीचे इंटेल असेल तर, एसएमपीएस समर्थ असल्यास, एक मध्यम कार्ड व सोळा गिगाबाइटपर्यंत रॅम एवढ्यावर थांबावे. त्याआधीचे यंत्र असेल आणि जे खेळ खेळायचे आहेत ते दहा वर्षांपूर्वीचे असतील, तर जुन्या बाजारातले ७५ वॉटच्या आतले कार्ड व एसएसडी यापलीकडे एक रुपयाही घालू नये. मात्र आजचे खेळ हवे असतील तर बोर्ड, प्रोसेसर व रॅम हे तिन्ही बदलावे लागणार, आणि त्या तिघांबरोबर बहुधा एसएमपीएसही, म्हणजे कॅबिनेट सोडून सारेच नवे. अशा वेळी तो खर्च दुरुस्तीच्या खाती न मांडता नव्या खरेदीच्या खाती मांडावा, जुने यंत्र घरातल्या धाकट्याला किंवा गावच्या शाळेला अखंड द्यावे, आणि नवे जुळवताना पुढील पाच वर्षे ज्याचे सॉकेट बदलणार नाही असा बोर्ड मागून घ्यावा. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जाण्यापूर्वी घरीच झाकण उघडून बोर्डावर छापलेले नाव आणि एसएमपीएसवरचा वॉटचा आकडा कागदावर उतरून घ्यावा; कोटेशनची पहिली ओळ तीच असली पाहिजे.